आधी मागचं झाकण उघडू द्या

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी माझा लॅपटॉप सुरूच झाला नाही. चार वर्षं वापरलेला, वॉरंटी केव्हाच संपलेली. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात नेला. काउंटरवरचा मुलगा तो घेऊन आत गेला आणि वीस मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय. पूर्ण बदलावा लागेल. अडतीस हजार." आतल्या फाइलींचं काय, विचारलं, तर त्याची हमी नाही. मग आवाज जरा खाली आणून त्यानेच सल्ला दिला, की यात आणखी थोडे घातले तर नवाच येईल. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला बोर्ड बदलायला शिकवलंय, दुरुस्त करायला नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. अरुंद जिना, वर जेमतेम दोन माणसं बसतील एवढं दुकान, टेबलावर उघडे पडलेले सात-आठ बोर्ड. दुकानातल्या काकांनी माझ्या लॅपटॉपचा बोर्ड काढला, मीटर लावला आणि म्हणाले, "शॉर्ट आहे कुठंतरी." मग सोल्डरिंग गनच्या टोकावर राळ धरून तिचा धूर बोर्डावर सोडला. सगळ्या बोर्डावर पांढरट भुकटी बसली, पहाटे गवतावर दहिवर बसावं तशी. दोन वायरी टेकवून अगदी कमी व्होल्टेज दिलं. तिळाएवढ्या एका ठिकाणची भुकटी वितळली आणि तेवढाच ठिपका काळा चमकू लागला. "हा बघा मॅडम, हा कपॅसिटर गेलाय. प्लेट मरलेली नाही तुमची." बोर्डालाच ते प्लेट म्हणतात. तो उचलला, एका जुन्या बोर्डावरचा काढून त्या जागी बसवला, बाराशे रुपये घेतले. हा लेख मी त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे.

तंत्रज्ञान कंपन्यांनी पर्यावरणासाठी काय करावं, याची चर्चा झाडं लावण्यापासून सौरऊर्जेपर्यंत आणि कागदी खोक्यांपासून 'नेट झिरो'च्या, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या, तारखांपर्यंत पसरलेली असते. यातलं काही निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या गल्लीतून परत येताना मला जे वाटलं, त्यावर नंतर जितकं वाचलं तितकी माझी खात्री होत गेली. या कंपन्यांच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपली वस्तू जास्त वर्षं जगू देणं. ती उघडता यावी, तिचे सुटे भाग मिळावेत, तिचं सॉफ्टवेअर चालत राहावं. कंपन्यांच्या पर्यावरण-अहवालात हे शेवटच्या पानांवर असतं. ते पहिल्या पानावर यायला हवं.

याचं कारण साधं आहे. मोबाइल फोनमुळे आयुष्यभरात जेवढा कार्बन हवेत जातो, त्यातला साधारण ८० टक्के तो आपल्या हातात येण्याआधीच गेलेला असतो. खाणीतून धातू काढणं, चिप बनवणं, पडदा बनवणं, जोडणी. ॲपलसारख्या कंपन्यांचे स्वतःचे उत्पादन-अहवालच हे सांगतात. आपण रोज रात्री चार्जिंगला लावतो, त्याचा वाटा उरलेल्यात येतो. म्हणजे फोन दोनऐवजी पाच वर्षं वापरला, तर तोच मोठा वाटा पाच वर्षांत वाटला जातो. चार्जर थोडा कमी वीज खाणारा असला काय आणि खोक्यावर पानाचं चित्र असलं काय, या हिशेबात फार फरक पडत नाही. युरोपातल्या पर्यावरण संघटनांच्या महासंघाने २०१९ मध्ये हिशेब मांडला होता, की युरोपीय संघातल्या सगळ्या स्मार्टफोनचं आयुष्य फक्त एक वर्षाने वाढवलं, तर २०३० पर्यंत दर वर्षी सुमारे २१ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचेल. रस्त्यावरून १० लाख मोटारी काढून टाकल्यासारखंच ते आहे.

हा न्याय सरसकट सगळ्या यंत्रांना लागू पडत नाही. वीस वर्षांचा फ्रीज अजून चालतोय म्हणून ठेवणं शहाणपणाचं नसेलही, कारण त्याची बरीचशी किंमत आपण रोजच्या विजेत मोजत असतो. पंखे, एसी, मोटारपंप यांचंही तेच. फोन आणि लॅपटॉप मात्र बनतानाच महाग पडतात, नंतर चालवायला स्वस्त. त्यामुळे 'नवं मॉडेल अधिक कार्यक्षम आहे, म्हणून बदला' ही जाहिरात फ्रीजला लावली तर पटते, फोनला लावली तर फसवते.

आणि जुनी वस्तू जाते कुठे? २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला नोंद होऊन रीतसर गोळा आणि पुनर्चक्रित झालेला फक्त २२.३ टक्के होता. ही संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीतली आकडेवारी आहे. त्याच पाहणीत असंही आहे, की दुर्मिळ मृदा धातूंची जगाची जी मागणी आहे, तिचा जेमतेम १ टक्का ई-कचऱ्यातून भागतो. भारतात २०१९-२० मध्ये साधारण १० लाख टन ई-कचरा होता, २०२३-२४ मध्ये तो १७.५ लाख टनांवर गेला. 'आम्ही रिसायकल करतो' हे वाक्य ऐकताना हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. फोन चिरडून त्यातून तांबं आणि सोनं निघेल, पण तो बनवताना गेलेली वीज, पाणी आणि माणसांचे तास परत येत नाहीत. शिवाय आपल्याकडे ते चिरडणं अनेकदा झोपडपट्टीच्या कडेला, वायरी जाळून आणि ॲसिडच्या टबात हात घालून होतं.

कंपन्या वस्तू मरू कशा देतात, हे जवळून पाहायचं असेल तर कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात तासभर बसावं. बॅटरी गोंदाने चिकटवलेली. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोयच नाही. नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरला न जुमानणारे स्क्रू. बोर्डाचा डायग्राम, म्हणजे कुठला भाग कशाला जोडलाय याचा नकाशा, मिळत नाही, म्हणून कारागीर एकमेकांच्या ग्रुपवर मागतात आणि त्यावर काम निभावतात. मूळ पडदा बाहेर विकत मिळत नाही, म्हणून 'कॉपी' कॉम्बो, म्हणजे काच आणि पडद्याची नकली जोडी, लावावा लागतो, तो सहा महिन्यांत पिवळा पडतो आणि नाव खराब होतं कारागिराचं. अलीकडे त्यात आणखी एक कुलूप आलंय. भाग फोनशी सॉफ्टवेअरने जोडलेला असतो. एका फोनचा अस्सल, चालता पडदा काढून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनला लावला, तरी फोन 'अनोळखी भाग' असा इशारा देतो, काही सोयी बंद करतो. ही युक्ती इतकी पसरली, की अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये तिला बंदी घालणारा कायदा केला. त्याच वर्षी ॲपलने जाहीर केलं, की नव्या आयफोनमध्ये वापरलेले अस्सल भाग बसवायला आता परवानगी असेल. म्हणजे अडचण तांत्रिक नव्हती.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते सॉफ्टवेअरचं कुलूप, कारण त्यात वस्तूला काहीही झालेलं नसतं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा फोन मी स्वतः पाहिलाय. काचेला एक तडा, बाकी ठणठणीत. आवाज स्वच्छ, बॅटरी दिवसभर पुरते. एके दिवशी त्यांचं बँकेचं ॲप उघडेना. फोनची अँड्रॉइड आवृत्ती जुनी झाली, नवी त्या फोनसाठी कंपनी देत नाही, आणि जुन्या आवृत्तीवर बँक ॲप चालू देत नाही. बँकेचंही चुकलं म्हणता येत नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. पण ताईंचा पगार त्याच खात्यात येतो. त्यांनी हप्त्यावर नवा फोन घेतला आणि जुना नातवाला गाणी ऐकायला दिला. दहा हजारांचा फोन दोन-अडीच वर्षांत असा निकामी ठरतो, तेव्हा तो बिघडलेला नसतो. त्याला कोणीतरी सोडून दिलेलं असतं.

महाग फोनांचं तसं नाही. गुगलने पिक्सेल ८ साठी ऑक्टोबर २०२३ मध्ये सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी तेच केलं. चांगलं केलं, मी मनापासून म्हणते. पण ज्याच्याकडे सत्तर-ऐंशी हजार आहेत तो तसाही दोन-तीन वर्षांनी फोन बदलू शकतो. सात वर्षं ज्याला खरोखर लागतात तो दहा-बारा हजारांचा फोन घेतो, आणि त्याच्या वाट्याला दोन-तीन वर्षं येतात. पर्यावरणाच्या दृष्टीनेही हे उलटं आहे, कारण आपल्या देशात संख्येने जास्त खपतात ते स्वस्त फोनच.

संगणकांचीही तीच गत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला नेहमीचे मोफत अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१८ च्या पुढचा लागतो. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज केला होता, की यामुळे २४ कोटी संगणक कचऱ्याच्या वाटेला लागू शकतात. ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर युरोपातल्या घरगुती वापरकर्त्यांना आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मोफत मिळाले, बाकीच्यांना पैसे भरून किंवा वेगळ्या अटी मान्य करून. सुरक्षेचं कारण खरं आहे, ते मी हसण्यावारी नेत नाही. पण केरळच्या सरकारी शाळांमध्ये कितीतरी वर्षं विंडोजऐवजी लिनक्स या मोफत, खुल्या सॉफ्टवेअरवर आधारलेली प्रणाली चालते. राज्याची 'काइट' ही संस्था ती मल्याळममधून तयार करून देते आणि जुनी यंत्रंही तिच्यावर काम करतात. जे एका राज्याचं शिक्षण खातं करू शकतं, ते जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांना झेपणार नाही, हे पटत नाही.

कंपन्यांचं म्हणणं असतं की फोन पाण्यापासून वाचवायचा तर तो बंदच असावा लागतो, आणि कोणीही बॅटरी उघडली तर आग लागू शकते. दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. फुगलेली लिथियम बॅटरी मी पाहिलीय, तिच्याशी खेळ नको. पण बनावट बॅटरीचा बाजार फोफावतो कशामुळे? अस्सल बॅटरी खुल्या दुकानात रास्त भावात मिळत नाही म्हणून. पाण्याच्या मुद्द्याला सॅमसंगनेच उत्तर दिलंय. त्यांचा २०२२ चा गॅलेक्सी एक्सकव्हर ६ प्रो हा कारखान्यांत, बांधकामांवर वापरायचा फोन हाताने बॅटरी बदलता येणारा आहे आणि तरीही आयपी ६८ दर्जाचा, म्हणजे पाण्यात बुडला तरी टिकणारा आहे. नेदरलँड्सची फेअरफोन ही छोटी कंपनी २०२३ च्या मॉडेलला आठ वर्षं सॉफ्टवेअर देते आणि त्याचे भाग साध्या स्क्रूड्रायव्हरने सुटतात. ॲपलने २०२४ च्या आयफोन १६ मध्ये असा गोंद वापरला, की नऊ व्होल्टची बॅटरी जोडली की बॅटरी आपोआप सुटते. करायचं ठरवलं की होतं, एवढंच यातून दिसतं.

आणि ठरवायला लावलं की जास्त लवकर होतं. फ्रान्सने जानेवारी २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप, टीव्ही यांच्या किमतीशेजारी दुरुस्तीचे गुण छापणं सक्तीचं केलं, दहापैकी किती. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनला नियम आहेत. मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. फेब्रुवारी २०२७ पासून तर, काही अपवाद सोडता, बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. यात स्वस्त फोन आणि महाग फोन असा भेद नाही. आता एक साधा प्रश्न. एखादं मॉडेल पॅरिसलाही विकलं जातं आणि पुण्यातही. तिथे त्याला पाच वर्षं अपडेट द्यावेच लागणार आहेत, म्हणजे ते अपडेट तयार होणारच. मग तेच इथल्या फोनला मिळायला काय हरकत आहे? सरकारने सांगेपर्यंत थांबायची गरज कुठे आहे? एखादी कंपनी पर्यावरणाबद्दल बोलते तेव्हा ती किती खरं बोलते, हे तपासायला मला यापेक्षा चांगली कसोटी सुचत नाही.

आपल्या सरकारने यात अगदीच काही केलेलं नाही असं नाही. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीच्या हक्कासाठी' समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू झालं, मे २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल आला. वस्तू किती सहज सुटते, भाग किती वेळात मिळतात, माहितीपत्रक खुलं आहे का, यावर गुण द्यायचे आणि सुरुवात फोन-टॅबलेटपासून करायची, असं त्यात म्हटलं आहे. चांगली कल्पना आहे. पण गुण कंपनीनेच स्वतःला द्यायचे असतील, तर तपासणारं कोणीतरी हवं, आणि तपासणाऱ्यांत तपकीर गल्लीतल्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या कारागिराला बसवावं. रोज वस्तू उघडतो तो माणूस, त्याच्याइतकं कोणाला कळणार?

कचऱ्याच्या टोकाला मात्र कंपन्यांचं वागणं निराश करणारं आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार उत्पादकांना ठरावीक वजनाचा ई-कचरा पुनर्चक्रित झाल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात. पुनर्चक्रण रीतसर व्हायला पैसे लागतात, म्हणून सरकारने २०२४ मध्ये किमान दर ठरवला, घरगुती उपकरणांना किलोमागे २२ रुपये, स्मार्टफोनला ३४. त्यावर सॅमसंग, एलजी, डायकिन यांच्यासह अनेक कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दर अवाजवी आहे, ही त्यांची बाजू, आणि ती मांडायचा त्यांना अधिकार आहे. पण २०० ग्रॅमच्या फोनमागे हा खर्च सहा-सात रुपये होतो. पंधरा हजारांच्या वस्तूत सात रुपये जड होत असतील, तर शाश्वततेचे चकचकीत अहवाल छापण्यात अर्थ उरत नाही. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायका घरोघरी जाऊन जुन्या वस्तू गोळा करतात, बंद पडलेले चार्जर आणि मिक्सरसुद्धा. हा किमान दर त्यांच्यापर्यंत झिरपला, तर वायरी जाळून तांबं काढायची पाळी कोणावर येणार नाही.

डेटा सेंटरचा विषय मी इथे मुद्दाम उघडत नाही. गुगलचं कार्बन उत्सर्जन २०१९ ते २०२३ मध्ये ४८ टक्क्यांनी वाढलं, हे तिच्याच अहवालात आहे, आणि नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरच्या इमारतींना वीज आणि पाणी कुठून येणार यावर स्वतंत्र लिहायला हवं. पण तिथेही सर्व्हर किती वर्षं वापरायचा, हा प्रश्न आहेच.

तंत्रज्ञान कंपन्या म्हटलं की आपण फक्त अमेरिका-कोरियाकडे बोट दाखवतो. पुण्यातल्या हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्याही तंत्रज्ञान कंपन्याच आहेत आणि त्या लॅपटॉपच्या मोठ्या गिऱ्हाईक आहेत. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉप-डेस्कटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरलेलं आहे आणि सर्व्हरचं सहा. ती घसाऱ्यासाठीची, म्हणजे वस्तूची किंमत दर वर्षी हिशेबात कमी दाखवण्यासाठीची गोष्ट, पण बऱ्याच ठिकाणी तिचाच नियम होऊन बसतो. तीन-चार वर्षं झाली, वॉरंटी संपली, लॅपटॉप परत द्या, नवा घ्या. माझ्या एका मैत्रिणीच्या ऑफिसात परत आलेल्या लॅपटॉपांच्या हार्ड डिस्कला भोकं पाडतात. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. माहिती पुसण्याची चांगली साधनं आहेत, तरी भोकं पाडणं सोपं, हिशेब द्यावा लागत नाही. आठ जीबी रॅमचा, चालता लॅपटॉप असा जातो आणि मावळातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एका संगणकावर पाच पोरं बसतात.

या कंपन्यांची खरेदी एकेका वेळी हजारांनी होते. एकट्या ग्राहकाने कितीही हट्ट धरला तरी विक्रेता त्याला बधत नाही, पाच हजार लॅपटॉपची ऑर्डर हातात असलेल्या खरेदी अधिकाऱ्यापुढे मात्र तो कागद-पेन घेऊन बसतो. पुढच्या निविदेत तीन ओळी वाढवाव्यात. बॅटरी स्क्रूने सुटणारी असावी. रॅम आणि डिस्क बोर्डाला सोल्डर केलेली नसावी. सुटे भाग आणि बोर्डाचा डायग्राम सात वर्षं कोणत्याही कारागिराला विकत मिळावा.